दहा सांगितले, पाच लिहिले

चांगुणामावशींच्या केसपेपरवर मी तीन गुरुवार जो आकडा लिहिला तो त्यांचा नव्हता, माझा होता. त्यांनी दहा सांगितले, मी पाच लिहिले. एकदा त्यांनी पंधरा सांगितले, तरी मी पाचच लिहिले. त्यामुळे जे औषध त्यांना पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवं होतं ते तीन आठवडे उशिरा सुरू झालं, आणि तेवढे दिवस त्यांनी एकदाही जमिनीला पाठ टेकली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी वाचणाऱ्याला हसू येईल. मलाही येतं. मग ती न टेकलेली पाठ आठवते.

मी परळच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात परिचारक आहे. आमच्यात बाईला सिस्टर म्हणतात आणि पुरुषाला ब्रदर. काही म्हाताऱ्या मला सिस्टरच म्हणतात, आणि मी ओ देतो. नोकरीची सव्वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची अकरा मी ज्या विभागात काढली त्याचं नाव पाटीवर बरंच लांबलचक आहे. वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत सगळे त्याला ‘दुखण्याची ओपीडी’ म्हणतात. कॅन्सर बरा होतो की नाही हे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर बघतात. आम्ही फक्त दुखणं बघतो. आणि तेसुद्धा दिसत नाही.

हीच आमच्या धंद्यातली अडचण. ताप मोजायला काचेची नळी आहे, रक्तदाबाला पट्टा आहे, साखरेला सुई आहे. दुखणं मोजायचं एकच यंत्र जगात निघालंय, ते म्हणजे ज्याला दुखतं तो माणूस. म्हणून आम्ही त्याला विचारतो: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही; तुमचं किती? तो जो आकडा सांगेल तो लिहायचा. वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. नर्सिंगच्या नव्या पोरींना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. अकरा वर्षं शिकवतोय.

आकडा सांगणं लोकांना फार अवघड जातं. शिवाजी पार्कला अनेक वर्षं अंपायरिंग केलेले एक गृहस्थ आमच्याकडे यायचे. आकडा विचारला की छताकडे बघत बसायचे. तीन वेळा विचारलं तेव्हा म्हणाले, “अहो, अपील झाल्याशिवाय निर्णय देता येत नाही.” त्यानंतर दर बुधवारी मी भर ओपीडीत, शेजारच्या पेशंटला त्रास होणार नाही अशा बेताने, “हाऊज दॅट?” असं अपील करायचो. ते क्षणभर थांबायचे, मग हात वर करून बोटं दाखवायचे. एकदा त्यांनी एकच बोट वर केलं. मी एक लिहिला. पुढच्या बुधवारी त्यांनी समजावलं की ती आउटची खूण होती.

दुसरे अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतले, मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांनी दुखण्याची आवक-जावक वही ठेवली होती. ‘दि. अमुक, स. १०.२०, उजवी मांडी, सात, माहितीसाठी सविनय सादर.’ दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नोंद नसायची. विचारलं तर म्हणाले, “सुट्टी असते.” दुखणं थांबायचं का? “नाही, दुखतं. पण सुट्टीच्या दिवशी नोंद कशी घेणार?”

ज्यांना आकडे जमत नाहीत त्यांच्यासाठी चेहऱ्यांचा तक्ता आहे. सहा गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. एक आजी नेहमी हसऱ्यावर बोट ठेवायच्या आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. “सकाळी सकाळी रडक्या तोंडाला हात कशाला लावू?” असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यांना मी नीट सांभाळलं. अंपायरना, वहीवाल्यांना, आजींना. त्यांचा आकडा कितीही वेडावाकडा आला तरी माझ्या हातून चुकला नाही. चुकला तो जिथे मला सगळ्यात जास्त कळत होतं तिथे.

माझं घर मूळचं कुडाळकडचं, पण मी जन्मलो घोडपदेवच्या चाळीत. वडील गिरणीत, आणि बाजार आईकडे. आई मला लहानपणी मासळीबाजारात पिशवी धरायला न्यायची, आणि शाळेत शिकवत नाहीत ते तिथे शिकवायची. “झिला, कोळणीन सांगितलेलो पयलो आकडो कधी मानूचो नाय,” ती म्हणायची. “ती दुप्पट सांगता. आपण अर्ध्याच्या खाली सुरू करूचा. नायच ऐकला तर चलाक लागूचा. दोन पावलां. तिसऱ्याक ती हाक मारता.” आणि खरंच तिसऱ्या पावलाला हाक यायची. यात कोणी कोणाला फसवत नसे. पहिला आकडा कोणीच खरा धरत नसे, बोलण्याची ती सुरुवात होती. आई न बोलता सांगितलेल्या भावाने मासे घेऊन निघाली असती तर कोळीण घाबरली असती, हिच्या घरी काही बरंवाईट तर झालं नाही ना म्हणून.

चांगुणामावशी दादरच्या बाजारात मासे विकायच्या. वय पासष्टच्या पुढे, नाकात चमकी, आवाज असा की ओपीडीत नंबर पुकारायला मायक्रोफोन लागू नये. छातीचा कॅन्सर होता, तो मणक्यात उतरला होता. बऱ्या होण्यासाठी त्या आमच्याकडे आल्या नव्हत्या, ते त्यांना सांगून झालं होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. बाजारात त्यांची सासू बसायची त्या जागेवर, त्या पाटावर, त्यांना परत बसायचं होतं. “दोन तास तरी,” त्या म्हणाल्या. “विकायला नाय रं. रेश्मा विकंल. मी निसती बसंन.” रेश्मा त्यांची सून. मणक्याच्या दुखण्याने मावशींना पाटावर बसणं सोडाच, खुर्चीतही धड बसता येत नव्हतं. त्या एका कुल्ल्यावर तिरक्या बसायच्या.

त्यांनी गुरुवार मागून घेतला. गुरुवारी मुंबईतली मासे खाणारी माणसं एकाएकी धार्मिक होतात, बाजार थंड असतो, सून मोकळी असते.

पहिल्या गुरुवारी मी रीतसर सगळं समजावलं आणि विचारलं, “मावशी, तुमचं किती?”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं. “दहा.”

माझ्या आत आईने बसवलेलं काहीतरी जागं झालं. “दहा?” मी म्हणालो.

“मग. ताजं हाय, सकालचं.”

“मावशी, दहावाला माणूस असा बोलत नाही. तो गडाबडा लोळतो.”

“बरं, नऊ. तुझं तोंड बघून.”

“चार,” मी म्हणालो.

“चारात काय येतं रं? चारात डोकं बी नाय दुखत.”

“मावशी, रोजचं येणंजाणं आहे आपलं.”

“म्हणून तर आठ बोलते.”

“पाच. शेवटचं.” आणि मी खरंच केसपेपर उचलला, उठलो, आणि दोन पावलं चाललो.

तिसऱ्या पावलाला मागून हाक आली. “ये, ये इकडं. जा, पाच लिही. पण दर टायमाला असं करू नको.”

आम्ही दोघंही खूश होतो. मला वाटलं, काय सुरेख नातं जमलं. शेजारच्या टेबलावरची सिस्टर म्हणाली, “ब्रदर, तुमच्याशी पेशंट किती मोकळेपणाने बोलतात.” मी पाच लिहिले.

आता हा पाच कुठे जातो ते सांगतो. माझा कागद आत डॉक्टर मॅडमच्या टेबलावर जातो. त्यांच्याकडे एका सकाळी चाळीस पेशंट. कागदावर सात किंवा वर असेल तर त्या थेट मॉर्फिनचा विचार करतात. चार ते सहाला बहुतेक मधल्या ताकदीच्या गोळ्या. त्या पेशंटला विचारतातही, “गोळ्यांनी बरं वाटतं का?” पण डॉक्टरसमोर आमची माणसं मान डोलावतात. खरं बोलणं माझ्या टेबलावर होतं, म्हणून तर ते टेबल आहे. मावशींना मधल्या गोळ्या मिळाल्या.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी बारापासून सुरुवात केली.

“दहाच्या वर नसतं, मावशी.”

“कोण बोल्ला? तुमची पट्टी आखूड हाय.”

आम्ही पुन्हा पाचवर आलो. गोळ्या त्याच राहिल्या.

तिसऱ्या गुरुवारी पंधरा. त्या दिवशी त्यांनी वेगळाच डाव टाकला. “पाठीचे सहा दे,” त्या म्हणाल्या, “वर गुडघा घालते.”

“गुडघा पण दुखतो?”

“दुखतो तर. पन त्याचे नाय लावत. असाच घे.”

आख्खी ओपीडी हसली. रेश्मा हसली नाही. ती म्हणाली, “ब्रदर, आई झोपत नाहीत. भिंतीला टेकून बसून असतात.” मला ते ऐकू आलं. मी ते कागदावर लिहिलंसुद्धा, ‘झोप: कमी.’ पण आकड्यापुढे शब्द कोण वाचतो? आणि आकडा पाच होता.

त्याच सुमाराला आमच्याकडे वेदनामुक्ती सप्ताह झाला. कबुतरं उडतायत असा बॅनर लागला. प्रत्येक परिचारिकेच्या आणि परिचारकाच्या पेशंटांचे आकडे काढून सरासरी केली गेली. ज्याची सरासरी सर्वात कमी, त्याचे पेशंट सर्वात सुखी, असा हिशेब. माझी सर्वात कमी निघाली. मला लाकडी ढाल मिळाली, पितळी पत्र्यावर नाव कोरलेली, शिवाय शाल आणि नारळ. ढाल द्यायला आलेल्या पाहुण्यांना ती उचलवेना. खांदा आखडला होता. “फार दुखतंय हो,” ते म्हणाले. मेट्रननी अदबीने विचारलं, “किती, सर?” ते म्हणाले, “आठ.” मेट्रन म्हणाल्या, “अरे बापरे,” आणि लगेच खुर्ची, शेकायची पिशवी आणि हाडांचा डॉक्टर आला. कोणीही त्यांना ‘सहा करा’ म्हणालं नाही. मी ढाल धरून शेजारी उभा होतो आणि तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

चौथ्या गुरुवारी मावशी आल्या नाहीत. रेश्मा एकटी आली. टॅक्सीत बसवायला गेले तर किंचाळल्या, म्हणून घरीच ठेवल्या, असं म्हणाली. मग माझ्यासमोर बसली, ओढणी नीट केली आणि पाठ केल्यासारखं बोलली, “वीस.”

“काय वीस?”

“आईंनी सांगितलंय, वीसपासून सुरू कर. ब्रदर चारवर येईल. तू दहावर थांब. दहाच्या खाली उतरलीस तर घरी येऊ नको.”

मी हसलो. आता लिहितानाही सांगायला लाज वाटते, पण मी हसलो, आणि सवयीने विचारलं, “दहाच का? नऊ का नाही?”

“कारण दहाच हाय ना,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून दहाच हाय. तुम्ही देत नाही.”

“मी देत नाही?”

“आई बोलतात, ब्रदरला परवडत नसेल. फुकटचं औषध, ते पुरवून वापरावं लागत असेल. मागं रांग बसलेली असते. ह्याला दहाचं देता आलं असतं तर त्याने दिलं असतं, चांगल्या घरचा वाटतो. म्हणून त्या पाचवर सोडायच्या.” मग जरा थांबून म्हणाली, “घरी आल्यावर बोलायच्या, बिचारा पाचसाठी किती उठतो-बसतो.”

मी समजत होतो, कोळीण दुप्पट सांगते आणि मी तिला खऱ्यावर आणतो. त्या खरंच सांगत होत्या. पहिला आकडा खरा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पहिलाच आकडा खरा सांगितला होता, आणि समोर मी बसलो होतो, घोडपदेवचा, आईच्या हाताखाली तयार झालेला. मंत्रालयातले गृहस्थ माझ्या जागी असते तर त्यांनी ‘दहा’ असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली रेघ मारली असती.

मी आत गेलो. मॅडमना सांगितलं.

“घासाघीस?” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“दुखण्याची?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि तुम्ही जिंकलात,” त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही दोघं कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेलो. मावशी भिंतीला टेकून तिरक्या बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “वीस,” पण आवाज ओपीडीतला नव्हता, आणि पुढे डाव टाकायला त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी आकडा विचारलाच नाही. दुखणं तुमचं काय काय घेऊन गेलं, ते विचारलं. हा प्रश्न मी पोरींना शिकवतो, स्वतः मात्र घाईत विसरलो होतो. मावशी म्हणाल्या, अंबाडा घालता येत नाही, हात मागे जात नाही, रेश्मा घालते तो सैल होतो. शिंक आली तर नाक दाबून ठेवते. देवासमोर वाकत नाही, देवाला वर उचलून घेते. आणि पाट. मी लिहीत गेलो. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. आमच्या फॉर्मवर माणसाच्या शरीराचं चित्र असतं, पुढून आणि मागून, त्यावर दुखतं तिथे खूण करायची. मावशींनी पाठीवर फुली मारली, मग चित्राच्या बाहेर, कोऱ्या जागेत एक चौकोन काढला. “हे काय?” मी विचारलं. “पाट,” त्या म्हणाल्या. “तिथं बी दुखतं.” मॅडमनी तो कागद तसाच फाइलला लावला.

मॉर्फिन सुरू झालं. लोक या नावाला फार घाबरतात. रेश्माच्या नवऱ्यानेही विचारलं, सवय लागली तर? मी सांगितलं, दुखण्यासाठी, ठरलेल्या मापात, ठरलेल्या वेळी दिलेल्या औषधाची गोष्ट नशेपेक्षा वेगळी असते. दुखायची वाट बघायची नाही, दर चार तासांनी घड्याळावर द्यायचं, आणि सोबत पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने माणूस दुखण्यातून सुटतो आणि संडासात अडकतो. पुढच्या आठवड्यात पाठीला शेक दिला, म्हणजे रेडिएशन. मॉर्फिन सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस मावशी नुसत्या झोपल्या होत्या. रेश्माचा फोन आला, घाबरलेली. “ब्रदर, आई झोपल्यात.” उठवलं की बोलतात का? “बोलतात. शिव्या देतात.” श्वास कसा आहे? मोजून सांगितला, नीट होता. मग झोपू दे म्हटलं, महिन्याभराची राहिलीय.

नंतरच्या गुरुवारी फोनवर आकडा विचारला तर मावशी म्हणाल्या, “दोन.”

आता माझी पंचाईत. हे खरे दोन की त्या मला स्वस्तात सोडतायत? “मावशी, खरंच दोन?”

“मग काय चार सांगू? आता खाली उतरली तरी तुझं समाधान नाय.”

मी रेश्माला विचारलं, अंबाडा कोणी घातला? “त्यांनीच,” ती म्हणाली. मी दोन लिहिले.

मावशी त्यानंतर आठ महिने होत्या. दुखणं मधेमधे वर यायचं, आम्ही औषध वाढवायचो. त्या शेवटपर्यंत जो आकडा सांगायच्या तो मी तसाच लिहिला. ते आठ महिने मी चांगलं काम केलं, हेही नोंदवून ठेवतो. पण त्या तीन गुरुवारांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आधी मी कागदावर प्रयत्न केला. हॉस्पिटलात जुनी नोंद खोडता येत नाही, खाली नवी जोडता येते. मी लिहिलं, ‘वरील तीन भेटींतील आकडे रुग्णाचे नसून परिचारकाचे आहेत,’ आणि सही केली. पंधरा दिवसांनी रेकॉर्ड विभागाकडून विचारणा आली: परिचारकास कोठे दुखते याचा उल्लेख नाही, कृपया पूर्तता करावी.

मग ढाल परत करायला गेलो. मेट्रन म्हणाल्या, “नावावर चढवलीय, आता कशी उतरवणार?” भांडारवाल्याने सांगितलं, वस्तू परत घ्यायची तर ती मोडल्याचा दाखला लागेल. ढाल ठणठणीत होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. बायकोने विचारलं, “भिंतीवर लावायची?” मी नको म्हणालो. ती कपाटावर पडून राहिली.

मावशींना घरी भेटायचो तेव्हा दर वेळी बोलायचं ठरवायचो. आणि दर वेळी त्या आधी चहा द्यायच्या, मग वाटीत तळलेली करंदी, म्हणजे बारीक कोलंबी. तोंडात करंदी असताना माफी मागता येत नाही. असे कितीतरी गुरुवार गेले. खरं कारण करंदी नव्हतं. त्या आपणहून माझ्या बाजूने कारण शोधून बसल्या होत्या, मला परवडत नव्हतं म्हणून. ते कारण खोटं आहे, औषध भरपूर होतं, हे मला त्यांना सांगावं लागणार होतं.

मग एका बुधवारी सकाळी रेश्माचा फोन आला. “आई बसल्यात.”

मी रजा टाकली, ढाल काखेत मारली आणि दादरच्या बाजारात गेलो. मावशी पाटावर बसल्या होत्या. तिरक्या नाही, सरळ. घट्ट अंबाडा, त्यात अबोलीचा गजरा. समोर रेश्मा एका गिऱ्हाइकाला पापलेट कापून देत होती. कापायचा ओंडका फरशी उंचसखल असल्यामुळे प्रत्येक घावाला डुगडुगत होता. शेजारी दुसरी कोळीण, मावशींच्याच वयाची, कोलंबी सोलत बसली होती.

“आला माझा पाचवाला,” मावशी शेजारणीला म्हणाल्या. “पेपरात काय आनलंस?”

मी ढाल उघडली. त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली, बोटाने ठोकून बघितली. “कशाची?”

“दुखणं कमी केल्याची. तुमच्या पाचमुळे मिळाली.” मग मी थांबलो नाही, नाहीतर पुन्हा करंदी आली असती. “मावशी, मला परवडत नव्हतं असं नव्हतं. औषध होतं. कपाटभर होतं. दहा लिहिले असते तर त्याच दिवशी मिळालं असतं. मी उगीच खाली आणलं. सवयीने.”

कापणारा कोयता थांबला. गिऱ्हाईकही थांबलं.

“म्हणजे मी भिंतीला बसून होते,” मावशी हळू म्हणाल्या, “आणि औषद कपाटात होतं.”

“हो.”

त्यांनी ढाल वाकून रेश्माकडे सरकवली. खाली वाकल्या, हे मी बघितलं. रेश्माने ती ओंडक्याखाली घातली, कोपऱ्यात दाबली. एक घाव घालून बघितला. ओंडका हलला नाही.

मग मावशींनी मला पुन्हा खालपासून वरपर्यंत बघितलं, पहिल्या गुरुवारी बघितलं होतं तसं. “वाईट वाटतं तुला?”

“वाटतं.”

“किती? शून्य म्हंजे काय नाय, दहा म्हंजे त्याच्या वर नसतं.”

“नऊ,” मी म्हणालो.

शेजारीण कोलंबीतून मान वर न करता म्हणाली, “नऊचं तोंड नाय ह्याचं. बोलतो बघ कसा सरळ उभा ऱ्हाऊन. चार दे.”

मी घासाघीस केली नाही. मला तिसऱ्या पावलाची वाट बघायची नव्हती.

“गप गं,” मावशी तिला म्हणाल्या. “त्याचं हाय, तो सांगंल तेवढं.” मग रेश्माकडे वळून, “नऊ. ध्यानात ठेव.” आणि मला म्हणाल्या, “हां, आता बोल. मोठ्यानं. हिला बी ऐकू दे.”

मी बाजारात, ओल्या फरशीवर, चपला काढून उभा राहिलो.

“मावशी,” मी म्हणालो, “तुमचे दहा होते. मी पाच लिहिले. चूक माझी होती. मला माफ करा.”